वांगी भाजणारे नाना

डाळ मिल बंद पडल्यापासून समोरचे नाना घरीच होते. कॉलनीच्या भरीत पार्टीत वांगी भाजायचं काम त्यांचंच. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ते वांग्यांशी बोलत बसत, "पलट बाप्पा, आते दुसरी कड." हळूहळू बाहेरच्या ऑर्डरी येऊ लागल्या, त्यातच धुळ्याच्या एका डाळ मिलमधून नोकरीही चालून आली.

"नाना, भरीत चार महिन्यांचं. बाकीचे आठ महिने घर कसं चालेल? बांधला पगार सोडू नका," मी बजावलं.

"उन्हाळामा ज्वारीना बिबडे-पापड शेतस ना इकाले, भाऊ!"

तेवढ्यात धुळ्याच्या मिलमालकाचा फोन आला. "कधी रुजू होताय?" हे मलाही ऐकू आलं. नानांनी आधी वांगं उलटलं, मग म्हणाले, "रविवारी येतो, शेठ. किती माणसांचं भरीत करू?"