भरपगारी रजा

कॉलेजच्या कार्यालयात खेटे घालून घालून शेवटी संशोधनासाठीची माझी वर्षभराची रजा मंजूर झाली. घरी येऊन वडिलांना सांगितलं, आता वर्षभर शिकवायला जायचं नाही, पगार मात्र चालू राहील.

वडिलांचं सगळं आयुष्य भिवंडीत लूम चालवण्यात गेलेलं. काम न करता पगार मिळतो, हे त्यांना पटेना. ते हळूच म्हणाले, "घरी बसवलं ना तुला? सुनेला सांगू नको. रोजच्या वेळेला डबा घेऊन निघत जा."

मी चिडलोच. मंजुरीचं पत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही.

"आमचा कारखाना बंद पडला, तेव्हा मी मानकोली नाक्यावर बसून डबा खायचो. तुझ्या आईला शेवटपर्यंत कळलं न्हाय."