वाईट बातमी सांगणारे देवराव

नागपूरच्या प्रताप नगरात कोणाच्या घरी मरण झालं की पहिला फोन डॉक्टरला जायचा आणि दुसरा देवराव गावंड्यांना. बांबू-कापड आणायला नाही हो, त्याला गल्लीतली पोरं होती. देवरावांना बोलवायचं ते बातमी सांगायला. मुलगा दुकानावर बसलाय आणि तिकडे गावाकडे बाप गेला, बायको माहेरी आहे आणि इकडे नवरा गेला, अशा माणसाला घरापर्यंत आणायचं आणि वाटेत त्याला काही कळू द्यायचं नाही, हे काम देवरावांचं. लकडगंजातल्या लाकडं कापायच्या एका आरा मशीनवर जन्म गेलेला माणूस, शिक्षण बेताचं, पण या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांची रीत ठरलेली होती. ‘गेला’ असं म्हणायचं नाही, ‘जरा सीरियस आहे’ म्हणायचं. निघण्याआधी माणसाच्या पोटात दोन घास घालायचे. वाटभर इकडचं तिकडचं बोलत राहायचं. आणि घराच्या दारात, जिथं धरायला चार बाया उभ्या आहेत, तिथंच खरं तोंड उघडायचं. गल्लीतल्या रुपरावला त्यांनी असंच स्कूटरवर मागं बसवून काटोलला नेलं होतं. ‘बापाले जरा बरं नाही, गा,’ एवढंच सांगून. रुपराव अजून त्यांचं नाव काढतो. म्हणतो, आधीच सांगतलं असतं तर मी रस्त्यातच पडलो असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं यावर देवराव म्हणायचे आणि खूश व्हायचे. मेल्या घरी माणूस खूश कसा होतो, ते मला विचारू नका.

तर मंगळवारी सकाळी फोन आला तो त्यांच्याच घरी. कॅनडाहून, सुनेचा, रितिकाचा. मुलाच्या, दुर्गेशच्या गाडीला रात्री ट्रकनं उडवलं होतं. रितिका फोनवर धड बोलूही शकत नव्हती, ‘बाबा, हे गेले’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. देवरावांची बायको देवकी तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती खाली येईपर्यंत देवरावांनी तोंड धुतलं, आणि ती आली तेव्हा म्हणाले, “दुर्गेशचा अॅक्सिडेंट झाला, वं. पायाचं ऑपरेशन आहे. आपल्याले जावं लागते.”

व्हिसा आधीच झालेला होता; उन्हाळ्यात जायचं ठरलंच होतं. पुतण्या अंकुशनं तिकिटं काढली. देवरावांनी सगळ्या गल्लीला, सगळ्या नातेवाइकांना बजावलं, तोंडातून ब्र काढायचा नाही. आणि लोकांनीही काय इमान राखलं! बाया येऊन देवकीच्या हातावर दही-साखर ठेवून गेल्या, हळदीकुंकू लावून गेल्या, आणि फाटकाबाहेर जाऊन पदर तोंडाला लावून रडल्या. निघताना अंकुशनं काकाला बाजूला घेतलं. “काका, तिथं ऑफिसरले खरं तेच सांगा. खोटं सापडलं तर वापस पाठवतात.” देवराव म्हणाले, “तू मले शिकवू नको.” दुसऱ्याच्या घरी चाळीस वर्षं चाललेली रीत, म्हणे आपल्या घरी काहून चालणार नाही!

देवकी आधी रडली, मग सावरली. पाय मोडला तर मोडला, जीव तर वाचला ना. विमानात तर ती चक्क मजेत होती. समोरच्या पडद्यावर कुठलासा हिंदी पिक्चर लावून घेतला आणि पदर तोंडात धरून हसली. “पाहा नं तुम्हीबी,” म्हणाली. देवरावांनी पाहिलं. काय पाहिलं ते त्यांना आजही सांगता येणार नाही.

टोरांटोला उतरल्यावर मात्र त्यांची तंतरली. नागपूरचं विमानतळ ते काय, दारातून शिरलं की दुसऱ्या दारातून बाहेर. इथं चालतच राहायचं. काचेचे बोळ, सरकते पट्टे, बाण, बाणांखाली दोन-दोन भाषा, आणि विचारावं तर कोणाला? विमानातून उतरलेल्या एका सरदारजीच्या केशरी पगडीवर नजर ठेवून ते चालत होते. तो वळला की वळायचं, तो थांबला की थांबायचं. देवकी मागून म्हणत होती, “हळू चाला नं, पोरगा कुठं पळून चालला का?”

पासपोर्टच्या मशीनपुढं तर दोघंही बावळटासारखे उभे राहिले. एका मुलीनं येऊन पासपोर्ट कसा ठेवायचा ते दाखवलं. फोटोसाठी देवकीनं पदर नीट केला, केस मागं सारले. “दुर्गेश म्हणन, आई इथं येऊन फॅशनवाली झाली,” असं म्हणून स्वतःच हसली.

काउंटरवर आपण एकटं आधी जायचं आणि सांगून टाकायचं, असं देवरावांच्या मनात होतं. पण ऑफिसरनं दोघांनाही एकदमच बोलावलं. कशाला आलात? देवरावांना एवढं इंग्रजी समजत होतं. देवकी खांद्याला खांदा लावून उभी. तिच्यादेखत खरं सांगायचं कसं? म्हणाले, “सन. मीट सन.” मुलगा कुठं आहे? “हॉस्पिटल.” देवकीनं मान डोलावून स्वतःच्या पायावर हात मारून दाखवला. ऑफिसरनं कोणाचा फोन नंबर आहे का विचारलं, रितिकाचा नंबर लिहून घेतला आणि दोघांना बाजूच्या एका खोलीत बसायला पाठवलं.

खोलीत खुर्च्यांच्या रांगा, भिंतीशी एक टेबल. थोड्या वेळानं एक बाई आली. वर्दीतली, पण चेहरा आपल्याकडचा, पंजाबी असावी. तिनं देवरावांना एकट्याला टेबलाशी बोलावलं आणि हळू आवाजात हिंदीत म्हणाली, “अंकलजी, आप कह रहे हैं बेटा अस्पताल में है. बहू ने फोन पर कुछ और बताया. सच क्या है?”

देवरावांनी हात जोडले. मंगळवारपासून जे शब्द त्यांनी कोणाला नीट उच्चारले नव्हते, ते आता परक्या बाईपुढं निघाले. “बेटा मर गया, बेटी. इसकी माँ को मालूम नहीं. घर पहुँचके बताऊंगा. वहाँ बहू है, पकडनेवाले लोग हैं. तुम मत बताओ, पाया पडता हूँ.”

बाईचेही डोळे भरले असतील, नसतील, पण ती म्हणाली, “मुझे उनसे भी पूछना पडेगा, वो क्यों आई हैं. मैं उनसे झूठ नहीं बोलूँगी. आप बता दीजिए. मैं बाहर खडी रहती हूँ.”

घ्या! साऱ्या प्रताप नगराला सांभाळून नेणारा माणूस, आणि वेळ आली तेव्हा सोबत ना शेजारीण, ना बहीण, ना दार. नुसत्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि हातात अर्धी पाण्याची बाटली.

“काय म्हणे ते बाई?” देवकीनं विचारलं.

“देवकी,” ते शेजारी बसले. “दुर्गेशचं... जरा सीरियस आहे.”

चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय येणार तोंडात?

देवकीनं त्यांच्याकडं पाहिलं. “पाय कापला का?” ती म्हणाली. “कापला असन तर कापला. रडू नका. मी आहे नं. मी राहीन इथं त्याच्याजवळ, उचलून बसवीन, लहानपणी नाही का उचललं? कापू द्या पाय.”

“पाय नाही, वं. तो नाही राहिला.”

देवराव दोन्ही हात पुढं करून तयार होते, ती पडेल म्हणून. ती पडली नाही.

“कवा?”

“मंगळवारी.”

“मंगळवारी म्हणजे... तुम्ही तोंड धुऊन राहिले होते तवा?”

“हो.”

“निघताना त्या बायांनी मले दही देल्लं. त्याइले माहीत होतं?”

देवरावांनी पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली.

“अंकुशले? रुपरावले? साऱ्याइले?”

“तुले त्रास होईन म्हणून, वं. इतका लंबा प्रवास...”

“माहा पोरगा मेला, अन् मी नव्या चपला घेतल्या,” देवकी म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “मी पिक्चर पाहून हासली. तुम्ही बाजूले बसून मले हासू देल्लं. मुडदा पडला होता लेकराचा, अन् माय हासून राहिली होती. तुम्ही पाहून राहिले होते!”

देवरावांना वाटलं, तिनं ओरडावं, छाती बडवावी, आपल्याला दोन शिव्या हासडाव्या. असं कितीतरी दारांत त्यांनी पाहिलं होतं आणि निभावलं होतं. ती उठली. दाराशी उभ्या असलेल्या त्या वर्दीतल्या बाईकडं स्वतः गेली आणि म्हणाली, “मेरा बेटा मर गया. उसको देखने आई मैं.” बाईनं तिचा हात हातात घेतला. शिक्के पडले.

त्यानंतर देवकी पुढं आणि देवराव मागं. आयुष्यात पहिल्यांदा. तिला त्या पाट्यांतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण जिकडं लोक ढकलगाड्या घेऊन चालले होते तिकडं ती चालत सुटली. पट्ट्यावरून बॅगा देवरावांनी एकट्यानं ओढून घेतल्या. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

बाहेरचं दार आपोआप उघडलं. कठड्यापलीकडं रितिका उभी होती. केशरी कुडता, कपाळाला लाल टिकली, हातात बांगड्या, आणि ओठांवर हसू. दिल्लीहून देवरावांनीच तिला फोनवर बजावलं होतं, ‘आईनं तुले पाहताच काही ओळखू नये. नीट तयार होऊन ये, अन् हासून बोल.’ ती पोरगी तशीच आली होती. नवरा शवागारात, आणि ही टिकली लावून हसत हात हलवत होती.

“या आई,” ती म्हणाली. “प्रवास कसा झाला? ते... ते वाट पाहून राहिले तुमची.”

देवकी तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिच्या टिकलीकडं पाहिलं, बांगड्यांकडं पाहिलं, त्या थरथरत्या हसण्याकडं पाहिलं. मग वळून देवरावांकडं.

“इलेबी?” ती म्हणाली. “इलेबी हासायले लावलं तुम्ही?”

रितिकाचं हसू तसंच चिकटून राहिलं होतं, ते काढावं की ठेवावं हे तिला कळेना. देवकीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“मले समजलं, वं बाई. आता हासू नको. रड.”

आणि रितिका जी कोसळली, ती देवकीच्या गळ्यातच. दोघींनी असा हंबरडा फोडला की आजूबाजूचे लोक फुगे, फुलं हातात धरून मागं सरकले. देवरावांच्याही छातीत मंगळवारपासून अडकलेलं सगळं एकदम वर आलं. बॅगांची गाडी सोडून ते दोघींकडं धावले, हात पसरले.

देवकीनं सुनेला सोडलं नाही. एक हात मागं करून फक्त पंजा उभा धरला.

“तुम्ही तिकडंच राहा,” ती म्हणाली.