खाजणातले शेंदरी दगड

पोशा जमादार गेल्याचं मला मीठवालीने सांगितलं. बावीस वर्षं मी कल्याणच्या तार ऑफिसात काढली. मुंबईची बातमी घाटावर जायच्या आधी माझ्या कानांवरून जायची. आणि ज्या माणसाने ती तार उभी ठेवली, त्याच्या मरणाची खबर मला कळली नवव्या दिवशी, ओसरीवर मिठाचं माप भरता भरता. "मास्तर, कोपरचा पोशादादा ग्येला. ऐकला नाय का तुमी?" मी म्हटलं, "कधी?" तर म्हणते, "आज नववा दिस." मला तिचाच राग आला. मग स्वतःचा आला. पेन्शनीत बसलेल्या म्हाताऱ्याला कोण मुद्दाम कळवायला येणार? मीठ तसंच टाकून मी आत गेलो आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसलो.

पोशा जातीने आगरी, कोपरच्या मिठागरातला. अक्षरशत्रू. ठाण्यापासून शहाडपर्यंत तारेचे खांब त्याच्याकडे होते. बुटका, काळाकुट्ट, मिठाने पायांना भेगा पडलेल्या. खांबाला कान लावून उभा राहायचा आणि आतली गुणगुण ऐकून सांगायचा, "पुढं कुठं तरी फांदी टेकलीया." जाऊन पाहावं तर टेकलेली असायचीच. तो मला मास्तर म्हणे आणि मी त्याला, आज लिहायला लाज वाटते, "अरे ए पोशा" म्हणे. वयाने तो माझ्याहून आठेक वर्षांनी मोठा होता. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, आणि वर उतावळी. पुढे जे सांगणार आहे ते त्या जिभेचंच आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, कोजागिरी होऊन चार दिवस झाले असतील. पावसाळा सरला म्हणून लोकांनी इरली माळ्यावर टाकली होती, आणि भरदुपारी खाडीवरून वादळ उठलं. कौलं पत्रावळींसारखी उडत होती. त्यातच ठाण्याहून एक तार यायला लागली, मूळची सुरतेची. नाव होतं आमच्याच आळीतल्या विनायकपंतांचं. त्यांचा एकुलता एक मुलगा रघुनाथराव सुरतेला नोकरीला, आणि सून यमुनाबाई इथे सासू-सासऱ्यांपाशी. तारेत आलं, "रघुनाथला पटकी. काल संध्याकाळपासून..." आणि यंत्र मुकं झालं. मी कळ दाबून दाबून थकलो. तार पडली होती.

अर्धी तार कोणाला देऊ नये असा नियम होता. पण आळीतलं घर, माणुसकी म्हणून आपणच जावं, असं मी मनाला समजावलं. खरं सांगायचं तर बातमी आधी आपल्याला कळते याची मला घमेंड होती. पंतांनी कागद पाहिला. म्हणाले, "मास्तर, पुढे काय? काल संध्याकाळपासून काय?" मी म्हणायला हवं होतं, पुढचं आलंच नाही, मला ठाऊक नाही. मी म्हणालो, "पंत, पुढचं काय विचारता... मन घट्ट करा."

हे शब्द तारेत नव्हते. ते माझे होते. पटकीचा माणूस वाचलेला मी तोवर पाहिला नव्हता, एवढाच काय तो आधार. त्या काळी तार म्हटली की आधी रडं आणि मग वाचन. मी तर वर शिक्कामोर्तब केलं. आतून हंबरडा फुटला. त्याच संध्याकाळी यमुनाबाईंच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. वीस वर्षांची पोर. केसांचं दहाव्या दिवशी पाहू, असं पंत म्हणत होते, पण घरात त्यांची थोरली बहीण होती. केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणी घरात चालायचं नाही म्हणून आत्याबाईंनी हट्ट धरला, आणि न्हाव्याला चौथ्या दिवशी सकाळी बोलावणं गेलं.

इकडे सगळंच ठप्प. रुळांखालचा भराव वाहून गेल्यामुळे गाड्या बंद, म्हणून टपालही बंद. तांदळाचे व्यापारी मुंबईचा भाव विचारायला ऑफिसात येऊन बसायचे, हात हलवत परत जायचे. गंमत बघा, त्याच्या पंधरा वर्षं आधी यातल्या कोणाला तारेचं नाव माहीत नव्हतं. तेव्हा पत्र महिन्याने आलं तरी जेवण गोड लागायचं. आता दोन दिवस खबर नाही तर जीव कासावीस. ज्याची सवय लागते त्याचंच हे. मी मात्र त्या मुक्या यंत्रासमोर बसलो की आळीतलं रडं कानांत घुमायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोशा आला, कमरेपर्यंत चिखल. कोपरच्या पुढे खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, सोळा खांब आडवे झाले होते. पाणी उतरल्याशिवाय काम होणार नव्हतं. मी त्याच्यावर उगाचच खेकसलो. तो शांतपणे म्हणाला, "पंतांच्या घरचा आयकला. तार अर्धीच आली ना? मंग बाकीची ठान्याला पडून असंल."

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. की आली होती आणि मी ती दडपली होती? सांगता येत नाही. मी त्याला म्हणालो, "पडून असली तर असू दे. जे व्हायचं ते झालं. या पुरात मरायला जाऊ नकोस."  त्याने डोक्याचं फडकं पिळलं, पुन्हा बांधलं आणि गेला. होडी घेऊन ओहोटीबरोबर तो ठाण्याला उतरला, हे मला मागाहून कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी तो ऑफिसात आला, तेव्हा हातात केळीच्या पानात गुंडाळलेला कागद होता. "वाचा," म्हणाला. मी वाचलं. "काल संध्याकाळपासून उतार. धोका टळला. काळजी नसावी."  पोशाने दंडाला धरून मला उठवलं आणि आम्ही धावत सुटलो. पंतांच्या मागच्या अंगणात पाट मांडला होता, न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता. यमुनाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. केस सुटलेले, जमिनीला टेकलेले. मी कागद उलगडायला लागलो. पोशाला अंगणात पाय ठेवायची मुभा नव्हती. तो कुंपणापाशीच उभा राहून ओरडला, "थांबा! धनी जिता हाय!"

त्यानंतर जो गोंधळ झाला तो काय वर्णावा! पंत माझ्या गळ्यात पडून रडले. म्हणाले, "त्या मेल्या तारेने घात केला होता, मास्तर, तुम्ही वाचवलंत." आणि मी... मी मान डोलावली. पोशा कुंपणापलीकडून माझ्याकडे पाहत होता. परत येताना वाटेत एवढंच म्हणाला, "मास्तर, पुढल्या येलेला अर्धी आली तं अर्धीच द्या." पुन्हा जन्मभरात त्याने तो विषय काढला नाही.

पण त्या दिवसापासून त्याने एक ध्यास घेतला. खाजणातली तार जमिनीत पुरायची. "वाऱ्याच्या हाती लागंल असा ठेवलाच कशाला?" हे तो मला सांगे, मी तार खात्याच्या साहेबाला इंग्रजीत सांगे, साहेब नको म्हणे. दोन वादळांनी पुन्हा खांब झोपवले, तेव्हा कुठे साहेब वळला. विलायतेहून झाडाच्या चिकाने मढवलेली तार आली. ती डांबर भरलेल्या लाकडी पन्हाळीत घालून पोशाने आणि त्याच्या माणसांनी छातीएवढ्या चिखलात पुरली. आम्ही पेढे वाटले. महिन्याभरात तार मुकी! मिठागराचा बांध घालताना कोणी तरी कुदळ मारली होती. जोडली, पुन्हा कुदळ. साहेबाने पाट्या लावल्या, "येथे खणू नये". वाचणार कोण? पाटीचा खांबच कोणी तरी चुलीला नेला.

पोशाने मग काय केलं, तर तारेच्या वाटेवर आठ दगड रोवले आणि त्यांना शेंदूर फासला. संपलं. त्यानंतर तिथे कोणाची कुदळ पडली नाही. साहेब पाहणीला आला, मला विचारलं, हा कोणता देव? मी गडबडीत म्हणालो, "तारोबा." साहेबाने वहीत लिहून घेतलं. मी तेव्हा वाचनालयात अंधश्रद्धेवर व्याख्यानं देत असे, त्यामुळे पोशाला फैलावर घेतलं. "अरे, लोकांना फसवतोस?" तो हसला. "देव कुठं बोल्लो मी? शेंदूर लावला. कुदल थांबली का नाय?" दर दसऱ्याला तो पहार, दोर, कुदळ पुजायचा आणि मग त्या आठ दगडांना नवा शेंदूर लावायचा. नंतरच्या किती तरी वादळांत गावातली घरं पडली, पण खाजणातली तार बोलत राहिली.

यंदाचा दसरा त्याच्यामागे तीन आठवड्यांनी आला. मला घरात बसवेना. शेंदूर आणि तेलाची वाटी घेऊन मी कोपरला गेलो. म्हटलं, व्याख्यानं गेली खड्ड्यात. जाऊन पाहतो तर शेवटच्या दगडापाशी यमुनाबाई. सोबत छकडा, छकड्यावर रघुनाथराव पान जुळवत बसलेले. दगडाच्या पायाशी हळदकुंकू वाहिलेलं, वर एक शेवंतीचं फूल. बाईंच्या हातांत कोपरापर्यंत चुडा, केसांत रुपेरी बटा दिसायला लागलेल्या.

मला राहवलं नाही. म्हणालो, "यमुनाबाई, त्या दिवशी तारेत जे नव्हतं..."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "दाराआड उभी होते मी. मन घट्ट करा म्हणताना तुम्ही कागदाकडे पाहिलंच नव्हतं."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"बोलणार होते. मामंजींना सांगणारच होते. आधी पोशादादांना विचारलं, तर ते म्हणाले, वैनी, त्यो कागद आनायला मास्तरांनीच मना धाडला. म्हटलं, मग फिटलं."

तिथे गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पोशाने माझी सोय करून ठेवली होती. त्याच्या जन्मातली बहुधा ती एकच थाप.

"मी नव्हतं धाडलं," मी म्हणालो. "मी त्याला जाऊ नकोस म्हटलं होतं."

 त्या खाडीकडे पाहत राहिल्या. मग पदराने डोळे पुसले आणि बाजूला सरकल्या.

"शेंदूर बायकांनी लावू नये म्हणतात," त्या म्हणाल्या. "तेवढा तुम्ही लावा."

मी त्या खारट चिखलात गुडघे टेकून बसलो. आठव्या दगडाला शेंदूर लावून झाला तोवर भरतीचं पाणी बांधाला लागलं होतं.