सुधारायला जागा

मागे पाय मोडून रत्नागिरीतल्या एका इस्पितळात पडलो होतो. तिथे नर्सिंग शिकणारी एक मुलगी संशोधनासाठी माझ्या खाटेशी आली. पद्धत फार शास्त्रीय होती. हात धुण्यावर दहा प्रश्न विचारायचे, मग तिने शिकवायचं, मग तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. गुण वाढले की संशोधन यशस्वी.

मी दहाही उत्तरं बरोबर दिली. पेन टकटकवत ती कुजबुजली, "काका, आत्ता थोडं चुका ना! सुधारायला जागाच ठेवली नाहीत."

"येतंय ते येत नाही असं कसं सांगू?"

"फरक दिसला नाही तर मॅडम प्रोजेक्ट परत करतील हो."

शेजारच्या खाटेवरून नाटे गावचे एक आजोबा ओरडले, "मला इचार गो बाय! मला कायच येत नाय."

आजोबांना शून्य मिळालं आणि मुलगी खुलली. तिने मन लावून शिकवलं. दुपारी आजोबांनी दहापैकी दहा मिळवून विज्ञान पुढे नेलं.

तेवढ्यात जेवण आलं. वॉर्डातला नळ मी आल्यापासून कोरडाच होता. तिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी आजोबांच्या हातांवर ओतलं.

"नळाचं लिहिणार ना?" मी विचारलं.

"छे हो काका," ती म्हणाली, "तो प्रश्न दहांत नाही."