चिमटीतली फुगी

मांजरसुंब्याच्या चौकात काच खाली केली की सीताफळांचा वास आत येतो आणि माझी चिमूट आपोआप जुळते.

शमीमबी इथंच पाटी घेऊन बसायची. तिच्या गळ्याची गाठ काढायची होती आणि भूल मी देणार होते. टेबलावर तिनं माझा हात घट्ट धरला. "डॉक्टरबाई, आवाज ऱ्हाईल ना? धंदा समदा आवाजावरच हाय."

श्वासनळीत घातलेल्या नळीच्या टोकाला फुगा असतो. तो सैल राहिला तर हवा निसटते. जास्त फुगला तर आतलं नाजूक अस्तर चेपतं आणि तिथलं रक्त थांबतं. दाब मोजायचं यंत्र तेव्हा आमच्याकडं नव्हतं. त्याला बारीक नळीनं जोडलेली, तोंडाबाहेर लोंबणारी इवलीशी फुगी चिमटीत दाबून आतल्या दाबाचा अंदाज घ्यायचा, एवढंच. सर्जननं गाठ ओढली आणि फुगी माझ्या बोटांत टणक झाली. मी थोडी हवा काढली, तर घशातून खरखर यायला लागली. पुन्हा किंचित भरली. शेवटचा टाका पडेपर्यंत बोटं तिथून हलली नाहीत. शुद्धीवर येताना ती नुसतं कुजबुजली, "पानी." त्यावरून आवाजाचं काहीच कळेना.

आता यंत्र आहे, काटा दिसतो. बोटांवर तेव्हा केवढा भरवसा ठेवला होता, याचीच आज धास्ती वाटते.

त्या ऑपरेशननंतरच्या हंगामात मी इथं उतरले. पाटीजवळ कुणी नव्हतं, म्हणून एक सीताफळ उचलून दाबून पाहिलं. रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून, ट्रकांच्या हॉर्नवर चढून, हाक आली.

"ओ डॉक्टरबाई, दाबू नका! काळं पडतंय फळ!"