राज्य कोणावर?

रश्मीचा फोन आला तेव्हा मी खरवईच्या घरी दुपारचा चहा ठेवत होते, आणि तिने काही बोलण्याआधीच मी विचारले, "आता काय बदललं त्याने?" रविवारची बैठक जवळ आली की सुधीरने खेळाचा एखादा नियम पुन्हा बदलल्याची बातमी रश्मीकडूनच येत असे, त्यामुळे तो प्रश्न माझ्या तोंडात बसला होता. ती म्हणाली, "ताई, सुधीरदादा गेले. सकाळी कामावर निघताना छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं." मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. मात्र रडू येण्याच्या आधी जो विचार मनात आला तो स्पष्ट आठवतो: म्हणजे आता आमचा खेळ कधीच सुरू होणार नाही. या गोष्टीला काही आठवडे लोटले. रडणे थांबले आहे, तो विचार अजून बोचतो.

सुधीर माझा आतेभाऊ, माझ्याहून बराच धाकटा. अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचे घर. एका कारखान्यात तो यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढीत असे. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले आणि निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचला असेल असे मला वाटत नाही. निवृत्तीनंतर मी घरातच बसून असते हे पाहून सुधीर एकदा म्हणाला की आम्ही एक गेम सुरू करतो आहोत, तूही ये. गेम म्हणजे काय, हे त्याने मला धीराने समजावले. चारपाच माणसे टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक काल्पनिक पात्र होतो, त्याच्या तोंडून बोलतो, त्याच्या हिमतीने संकटात उडी घेतो. एक जण मात्र पात्र होत नाही. तो जग उभे करतो, वाटेत राक्षस ठेवतो, पूल मोडतो. काय साधले आणि काय फसले हे फासे सांगतात. नाटकासारखेच, पण संवाद पाठ करायचे नाहीत आणि समोर प्रेक्षक नाहीत. प्रेक्षक नाहीत हे ऐकूनच मी होकार दिला.

आम्ही एकूण चौघे होतो. सुधीर आणि मी. रश्मी, जी बदलापुरात राहते आणि दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. आणि गोप, सुधीरचा शाळेपासूनचा सिंधी मित्र, ज्याचे उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये चेन, बटणे आणि लेस यांचे दुकान आहे. बैठक कधी गोपच्या दुकानाच्या माळ्यावर भरे, बहुतेक वेळा सुधीरच्या घरी. सुधीरने रचलेल्या जगात एकच नदी होती आणि तिचे पाणी रोज नवा रंग घेई. कारखान्यांच्या सांडपाण्याने रंग बदलणाऱ्या वालधुनीच्या काठावर वाढलेल्या माणसाला यात काही अद्भुत वाटण्याचे कारण नाही. पण सुधीरच्या जगात पाण्याच्या रंगावर त्या दिवसाचा कायदा ठरत असे. तांबड्या दिवशी शस्त्र उचलायचे नाही, हिरव्या दिवशी उधार मागणाऱ्याला परतवायचे नाही, वगैरे. कल्पना सुरेख होती. मात्र प्रत्येक रंगाला कायदा, प्रत्येक कायद्याला अपवाद, आणि प्रत्येक अपवादाला फाशांचा वेगळा हिशेब... तो एक रंग वाढवी आणि आमचे दोन महिने जात. "कागदावर चुकलेलं लोखंड मागाहून वाकवता येत नाही," हे त्याचे कारखान्यातले वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले की गोप ते त्याच्या आधीच म्हणून टाकी. रश्मीची वैदीण या काळात आधी लोहारीण झाली, मग गारुडीण, मग पुन्हा वैदीण. एकदा ती म्हणाली, "दादा, माझी बाई आता म्हातारी झाली असेल. मरायच्या आधी एकदा तरी तिला घराबाहेर काढा." सुधीर हसला, आणि म्हातारपणाचा नियम राहून गेला आहे हे त्याच्या लक्षात आले. पुढचे तीन रविवार म्हातारपणात गेले.

माझ्या पात्राचे नाव धोंडाबाई. नदी जिथून पार करतात त्या उतारावर ती जकातीच्या नाक्यावर बसते, आणि कोणाकडूनही नाणे घेत नाही, जाब घेते. पार जाणाऱ्याला ती एकच प्रश्न विचारणार, आणि उत्तर पटले तरच नावेचा दोर सोडणार, मग समोर राजा असो की राक्षस. जाब पटला की नाही हे तिनेच ठरवायचे, असा नियम मी सुधीरकडून मान्य करून घेतला होता. ज्या बाईने सभांत कधी हात वर केला नाही, रिक्षावाल्याने लांबच्या रस्त्याने नेले तरी जी गप्प बसली, तिला असे पात्र का सुचावे हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. घरी एकटी असताना मी तिचे प्रश्न मोठ्याने म्हणून पाहत असे. मला फक्त एकदा, चार माणसांत, तिच्या आवाजात बोलायचे होते. तीन वर्षे मी त्या एका दुपारची वाट पाहत राहिले.

खेळातले शब्द इंग्रजी नकोत, गल्लीतल्या खेळांचे हवेत, हा सुधीरचा हट्ट होता. खेळाडू म्हणजे भिडू, एक फेरी म्हणजे डाव, आणि जो जग चालवतो त्याच्यावर राज्य. लपंडावात आपण म्हणतो तसे: ज्याच्यावर राज्य त्याने डोळे मिटून भिंतीशी उभे राहायचे, बाकीच्यांनी मजा करायची. मराठी मुलांनी राज्य हा शब्द असा उलटा का वापरावा, कोण जाणे. ते कोणालाच नको असते. एकदा सुधीरला कारखान्यात जास्तीचे काम होते, म्हणून सरावाचा डाव गोपने चालवावा असे ठरले आणि त्याने कागदावर लिहून दिले, 'राज्य गोपवर'. पुढच्या रविवारी गोप राजा होऊन आला. राजा गोपसेन, त्याचे तीन पिढ्यांचे कूळ, हत्ती, दोन राण्या, आणि दुकानातल्या जरीच्या लेसचा शिवून घेतलेला मुकुट. जग चालवण्याची काहीही तयारी त्याने केली नव्हती. सुधीर कपाळाला हात लावून बसला. गोपचे म्हणणे सरळ होते. "साईं, तूच लिहिलंस, राज्य गोपवर. तर राजा मी. आता बायकोने पण मुकुट बघितला, उतारू कसा?" आम्ही पोट धरून हसलो. पण त्या जगात राजा नव्हताच; आता तो आला, म्हणून सैन्य आले, सैन्याला लागणारे धान्य आले, धान्याला पावसाळा आला. सरावाचा डावही झाला नाही.

मी आयुष्यात फार थोड्या वेळा आवाज चढवला आहे, त्यातली एक वेळ सुधीरच्या घरातली. नियम जवळजवळ पुरे झाले असे त्याने जाहीर केले होते आणि मला माझे पान वाचायला दिले. धोंडाबाईच्या नावापुढे त्याने लिहिले होते: लिंबूटिंबू. म्हणजे मोठ्यांच्या खेळात घेतलेले लहान मूल. ते पळते, ओरडते, पण बाद होत नाही, कारण ते धरलेलेच नसते. मी विचारले की हे काय. तो म्हणाला, "ताई, तू पहिल्यांदा खेळणार. पहिल्याच डावात धोंडाबाई बुडाली तर तू परत यायची नाहीस."

"ते मला ठरवू दे, सुधीर. जी मरू शकत नाही तिच्या नाक्यावर थांबेल कोण?"

माझा आवाज ऐकून वैशाली, त्याची बायको, स्वयंपाकघरातून डोकावून गेली. सुधीर पेन उचलत म्हणाला, "बरोबर आहे तुझं." त्याने ते खोडले. आणि धोंडाबाई मरू शकते म्हटल्यावर नाका पडू शकतो, नाका पडला तर नदी मोकळी होते, नदी मोकळी झाली तर राजाचे सैन्य पार जाते... त्याने सगळे पहिल्यापासून मांडायला घेतले. मी हक्क मिळवला आणि खेळ आणखी लांबला. शेवटच्या बैठकीत तो म्हणाला होता की आता फक्त नाव उलटली तर काय, एवढेच उरले आहे. मी चडफडत रिक्षात बसले. तो गॅलरीत उभा राहून हात हलवत होता की नाही, हे पाहायला मी मान वळवली नाही.

दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी आम्ही तिघे वैशालीकडे गेलो. सवयीने सुधीरच्या बसण्याच्या खोलीतल्या टेबलाशी बसलो. वैशालीने पोहे आणून ठेवले आणि म्हणाली की तुम्ही खेळणार असाल तर खेळा, मला बरे वाटेल. रविवारी या खोलीतून आवाज आला नाही की घर खायला उठते. रश्मीने सांगून टाकले की आम्ही कधी खेळलोच नाही, फक्त तयारी केली. वैशालीला ते खरे वाटेना. तीन वर्षे तिने रविवारी माहेरी जाणे टाळले होते, पाहुण्यांना शनिवारी बोलावले होते, 'यांचा गेम असतो' म्हणून. ती खुर्ची ओढून बसली. "एकदाही नाही? मग दर रविवारी माझ्या घरात चाललं होतं काय?" आणि कोणी उत्तर देण्याआधीच म्हणाली, "आज खेळायचं. आत्ता. जेवढे नियम आहेत तेवढ्यावर. मी पण."

राज्य घ्यायला मात्र कोणी तयार होईना. गोपला कागदाचा धसका होता, रश्मीला अर्ध्या नियमांचा विसर पडला होता. सगळे नियम सुवाच्य अक्षरात पुन्हा पुन्हा उतरवून काढले होते ते मी. मला ते तोंडपाठ होते. मी नाही म्हणायला हवे होते. पण समोर वैशाली खेळायला बसली होती, आणि टेबलावर तिचे पोहे निवत होते. राज्य माझ्यावर आले, आणि ज्याच्यावर राज्य त्याला पात्र नसते. मी धोंडाबाईचे पान वैशालीपुढे सरकवले.

तिने ते एकदा वाचले आणि विचारले, "हिला काहीही विचारता येतं?" मी म्हटले, येते. मग मी नदी सांगितली, उतार सांगितला, दोर सांगितला. राजा गोपसेन आणि वैदीण नाक्यावर आले. गोपने मुकुट आणला नव्हता, पण मान तशीच ताठ धरली. वैशाली टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली, "राजे, तीन वर्षं मी इथं बसून आहे. तुमची माणसं माझ्या दारापर्यंत आली नाहीत. कुठे होतात?"

गोप गडबडला, पण राजासारखाच बोलला. "रस्ता बनत होता, बाई. आमचा रस्तेवाला फार बारीक काम करायचा."

"मग त्याला सांगायचं होतं, बस्स झालं, निघू या. कोणालाच जमलं नाही?"

मी फासे हातात धरून बसले होते; त्या क्षणाला लागू पडेल असा एकही नियम सुधीरने केलेला नव्हता. जाब पटला का, एवढेच मी विचारले. वैशालीने पदराने डोळे पुसले. "नाही पटला," ती म्हणाली, "पण जा." आणि तिने दोर सोडला.

माझ्या धोंडाबाईला मी याहून चांगले बोलवू शकले नसते, हे मला कळते. तरीही ते मला बोलायचे होते, ही जळजळ जात नाही. आता दर रविवारी डाव होतो. गेल्या वेळी मी चाचरत विचारले की पुढच्या डावात राज्य दुसरे कोणी घेईल का. गोप पंख्याकडे पाहू लागला, रश्मीला तहान लागली, आणि वैशाली म्हणाली, "ताई, तुमच्याइतकं कोणाला जमणार?" तेव्हा मला आठवले की अगदी सुरुवातीच्या दिवसांत सुधीरही म्हणाला होता, 'मलाही एखादं पात्र द्या की', आणि आम्ही तिघांनी त्याला जवळजवळ हेच उत्तर दिले होते. त्याने पुन्हा विचारले नाही. नियम वाढत गेले ते त्यानंतर... की हे मी आता जुळवते आहे? एकामागून दुसरे घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे समजू नये, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवले. आणि समजा तसेच असले, तरी त्याने तोंडाने बोलायला हवे होते; माझ्यासारख्या माणसाकडून दुसऱ्याचे मौन ओळखण्याची अपेक्षा त्याने का करावी? राग अजून आहे.

राज्य असलेल्याने खिडकीला पाठ करून बसायचे, अशी त्या खोलीतली रचना आहे. तिथून बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर उजेड पडलेला दिसतो. ते एकमेकांकडे पाहून बोलतात, भांडतात, एकमेकांना बुडताना वाचवतात, आणि एखादा नियम अडला तरच, तेवढ्यापुरते, आपल्याकडे वळतात. परवा भर पुरात त्यांची नाव उलटली. रश्मीने विचारले, "ताई, आता काय करायचं?" तिघांचे चेहरे माझ्याकडे लागले. उत्तर एका वाक्याचे होते. मी ते बरेच लांबवले.