तीन महिन्यांचं सर्टिफिकेट

लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा माझ्या डाव्या कानाला ऐकू येईनासं झालं. सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या माणसाला त्याचं विशेष वाटत नाही. कारखान्यात सगळेच एकमेकांशी हातवारे करून बोलतात आणि घरी गेल्यावर ओरडून. पण मी बायकोला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलात गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लूमवर राहिलात तर दुसराही जाईल." किती दिवसांत, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मी धुळ्याकडचा. मराठी शाळेत बारावी झालेला, म्हणजे कारखान्यातल्या मानाने शिकलेलाच म्हणायचा. दुसरं काम शोधायला लागलो तेव्हा माझ्या साल्याने एक वाट सुचवली. तो सुरतेजवळ हजीऱ्याला, मोठ्या कंपन्यांच्या भागात, एका ठेकेदाराकडे होता. "तिकडच्या ऑफिसांत आता टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आलेत," तो म्हणाला. "ते दुरुस्त करणाऱ्या माणसाला एसीत बसवतात. पण परदेशी परीक्षेचं सर्टिफिकेट मागतात."

रिंग रोडजवळच्या एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर तसा क्लास होता. बाहेर मोठा बोर्ड: तीन महिन्यांत सर्टिफिकेट, नोकरीची खात्री. आतल्या सरांनी मला चहा पाजला, फी भरून घेतली आणि हात मिळवला. तीन महिने काय, डोळे मिटून काढू, असं मला वाटलं.

डोळे मिटले ते खरंच. आमची पाळी बारा तासांची. पंधरवडाभर दिवसाची, मग पंधरवडाभर रात्रीची. रात्रपाळीत सकाळी सुटलो की कपड्यांवरचा कापूस झटकून तसाच क्लासला जायचो. शिकवायला एक गुजराती बाई होत्या. वयाने माझ्याहून लहान, पण सगळे त्यांना बेन म्हणत. त्या मदरबोर्ड हातात धरून एकेक भाग दाखवायच्या आणि मी चांगला कान त्यांच्याकडे करून बसायचो. पुस्तक इंग्रजी. एका पानाला सकाळ जायची.

एक दिवस मी बसल्या जागी झोपलो. जाग आली तेव्हा पोरं हसत होती. माझं कपाळ कीबोर्डवर टेकलं होतं आणि स्क्रीनवर एकाच अक्षराच्या ओळी वरून खालपर्यंत गेल्या होत्या.

बेन हसल्या नाहीत. क्लास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. "भाई, परीक्षा केव्हा द्यायचं ठरवलंय?"

"बोर्डावर लिहिलंय तसं. तीन महिन्यांनी."

"तो बोर्ड सरांनी लावलाय. परीक्षा त्यांना द्यायची नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचं आपण नीट बसून ठरवू. पण एकट्याने येऊ नका. घरच्यांना घेऊन या. माणूस स्वतःच्या वेळेबद्दल फार खोटं बोलतो."

आमच्या भागातली वीज बंद असायची त्या सुट्टीच्या दिवशी मी बायकोला घेऊन गेलो. ती घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायची. बोटांना गोंद तसाच होता. खुर्चीच्या कडेवर बसली. बेननी मला विचारलं, रोज किती वाचता? मी म्हणालो, दोन तास तरी होतात.

"नही बेन," बायको म्हणाली. घाबरली की ती घरचीच बोली बोलायची. "रातपाळीमा यास्नं वाचनं व्हतंच नही. पुस्तक तोंडवर लेतस नि झोपी जातस."

बेनना अहिराणी कळायचं कारण नव्हतं, पण एवढं कळलं. त्या हसल्या आणि त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. मग आम्ही वजाबाकी सुरू केली. रात्रपाळीचे पंधरवडे गेले. दिवाळीला कारखाना बंद, तेव्हा गाव. वैशाखात भावकीतली लग्नं. नाही गेलं तर जन्मभर ऐकावं लागतं. बायकोला दिवस गेले होते, तिचं बाळंतपण. मग बेन म्हणाल्या, "आणि आजारपण. कोण पडेल माहीत नाही, पण कोणीतरी पडेलच." इंग्रजीचे शब्द पाठ व्हायला म्हणून सुरुवातीचे चार महिने त्यांनी वेगळेच काढले. राहिलं त्यात पहिला पेपर पुढच्या दिवाळीनंतर आणि दुसरा होळीच्या सुमारास बसत होता. दीड वर्ष.

मी कॅलेंडरकडे बघतच राहिलो. घरी जाताना रिक्षात बायको म्हणाली, "दीड वरीस तं दीड वरीस. तीन महिनानं खोटं ऐकीसन रोज चिडापेक्षा बरं." माझ्या डोक्यात मात्र दुसरा कान होता, तो दीड वर्ष टिकेल का.

त्या हिशोबाने मी चालत राहिलो. रात्रपाळीत पुस्तक उघडायचंच नाही, हे बेननी बजावलं होतं, आणि तेच सगळ्यात कठीण गेलं, कारण न वाचता झोपलो की चोरी केल्यासारखं वाटायचं. दिवसपाळीत संध्याकाळी एक तास. नुसते शब्द. उन्हाळा संपता संपता बायको माहेरी गेली. मी खानावळीत जेवायचो आणि खोलीवर येऊन पडायचो.

पावसाळा सरता सरता तापीला पूर आला. आमची खोली माडीवर होती म्हणून वाचली. पण क्लास तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर गेलो तर बोर्ड जागेवर होता आणि आत गुडघाभर चिखल. कॉम्प्युटर टेबलांवरून खाली पडून उताणे झालेले. सरांनी एक फेरी मारली, कपाळाला हात लावला आणि नंतर ते दिसले नाहीत.

बेननी ते यंत्रांचे सांगाडे उचलून स्वतःच्या घराच्या गच्चीवर नेले. आम्ही दोघंतिघं मदतीला जायचो. एकेक पेटी उघडायची, मदरबोर्ड सुटा करायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचा, बारीक ब्रशने गाळ काढायचा, पंख्याखाली ठेवायचा. नदीच्या गाळाचा वास हाताला जेवतानाही यायचा. बरीचशी यंत्रं मेलीच होती. पण जी मोजकी उठली, त्यातल्या एकाच्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली तेव्हा बेन आईला हाका मारत जिना उतरल्या. त्या गच्चीवर पुस्तकातले शब्द मला पहिल्यांदा हातात धरता आले. कुठली पट्टी कुठे बसते, हे नंतर कधी पाठ करावं लागलं नाही.

बायको मुलीला घेऊन परत आली. दिवाळी झाली. पहिला पेपर तोंडावर आला, आणि बेननी एक दिवस निरोप धाडला की परीक्षाच बदलली. नवा अभ्यासक्रम, नवे धडे. जुन्यातलं बरंच काढून टाकलेलं. ते काढून टाकलेलं मी शब्द शब्द जुळवत पाठ केलं होतं.

त्यानंतर मी जायचं बंद केलं. बायकोला म्हणालो, "सोडून देतो."

ती मुलीला मांडीवर थोपटत होती. तिच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. मूल रात्रभर जागवायचं आणि दिवसा टिकल्या. तिने समजूत घातली नाही. "सोडा," म्हणाली. "पण मंग काय करशात, तेवढं सांगा. लूम तं सोडनंच पडी."

त्या सुट्टीला मी दिवसभर झोपलो. उठलो तेव्हा दुसरं काही समोर नव्हतं म्हणून बेनकडे गेलो. जिद्दबिद्द काही नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "कॅलेंडर आणू?" आणखी सहा महिने वाढले.

परीक्षा अहमदाबादला, कॉम्प्युटरवरच. पहिला पेपर निघाला. दुसरा राहिला, बटण दाबल्याबरोबर पडद्याने नापास सांगितलं, विचार करायलाही वेळ दिला नाही. तो पुन्हा द्यायला पुढच्या पावसाळ्यात गेलो आणि निघाला. केंद्रावरच्या माणसाने कागद हातात दिला, मी घडी करून खिशात ठेवला. आनंद झाला असं म्हणवत नाही. स्टेशनवर बाकड्यावर बसलो तो झोपच लागली, आणि गाडी गेली.

साल्याने सांगितलेली हजीऱ्याची जागा केव्हाच भरली होती. पण तोवर रिंग रोडवरच्या कापड बाजारात व्यापाऱ्यांनी बिलांसाठी कॉम्प्युटर घेतले होते, आणि ते साडीच्या गठ्ठ्यांच्या धुळीने सारखे बंद पडायचे. ते दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मला काम मिळालं. दुकानदाराने सर्टिफिकेट वाचलं नाही. मी पुरातल्या यंत्रांचं सांगितलं, तेव्हा गच्चीवर त्यातली किती उठवली, ते विचारलं. मी लूम सोडला. नव्या कामात दिवसभर जिने चढायचे होते. पाय दुखायचे, पण रात्री घरी असायचो.

बेनना पेढे द्यायला गेलो तेव्हा त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा माझ्या मुलीसाठी परत हातावर ठेवला. म्हणाल्या, "आता नेटवर्किंगची परीक्षा. ती दिलीत तर पगार वाढेल. बसायचं ठरवायला?"

"बेन, आत्ता नको," मी म्हणालो.

त्यांनी आग्रह केला नाही. ती परीक्षा मी कधीच दिली नाही.